नाकाची शिकवणी

दिवाळीच्या अंकात वाइनवर लेख! या सदराचे जुने वाचक कपाळाला हात लावतील, हे मला इथूनच दिसते आहे. एरवी म्हणी, आडनावे, जोडाक्षरे असल्या निरुपद्रवी विषयांवर लिहिणारा हा मराठीचा मास्तर यंदा फराळाच्या ताटाशेजारी पेला मांडायला निघाला की काय? तसे काही नाही. विषय शब्दांचाच आहे. तो पेल्यातून निघाला, एवढेच. शिवाय ज्यांच्या आजीच्या फडताळात द्राक्षासवाची बाटली असे, त्यांनी तरी एकदम नाक मुरडू नये. त्या बाटलीच्या लेबलावर 'स्वयंनिर्मित मद्यार्क' असे बारीक अक्षरांत छापलेले असते. आमची आजी जेवणानंतर त्याचे दोन चमचे पाण्यात घालून घेई आणि एकादशीही कडकडीत करी.

वाइन ही दारू की नव्हे, हा वाद आपल्याकडे २०२२ साली पुष्कळ रंगला. त्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचे ठरवले आणि जिकडे तिकडे तोच विषय झाला. मला विचाराल तर ज्या पेयात शेकडा बारा-तेरा भाग मद्यार्क आहे त्याला दारू म्हणायला मराठी भाषेची काही हरकत नसावी. पण तो वाद मी इथे उकरून काढत नाही. मला सांगायचे आहे ते एका परीक्षेविषयी.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तीन वर्षांपूर्वी मराठी घेऊन बी. ए. झालेला, निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराचा मुलगा. घरची तीन एकर बाग. दोन एकरांत खायची द्राक्षे, एका एकरात वाइनची. ती दिंडोरीच्या बाजूच्या एका वायनरीला कराराने जातात. त्याच वायनरीत हा मुलगा नोकरीला लागला आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी येतात, ओळीने मांडलेल्या पाच पेल्यांतून घोट घोट घेतात, आणि कुठल्या पेल्यात काय आहे ते हा त्यांना सांगतो. नोकरी कच्ची. पक्की व्हायची तर सप्टेंबरात परीक्षा. पाच पेले समोर येणार, बाटल्या झाकलेल्या; द्राक्षाची जात ओळखायची आणि प्रत्येकीविषयी पाहुण्यांना सांगावे तसे दोन मिनिटे बोलायचे. जमले नाही तर गोदामात खोकी मोजायची, आणि पगारही खोकी मोजणाऱ्याचा. घरी बहीण बारावीला. वडील माळकरी. मुलाने हे काम धरले हेच त्यांना मनातून रुचलेले नव्हते. त्यात तो नापास झाला असे ऐकावे लागले असते तर त्यांनी दुसऱ्या दिवशी त्याला बागेत औषध फवारायला उभे केले असते.

"सर, ओळखणं एक वेळ जमेल," तो म्हणाला, "पण बोलू काय?"

त्याने खिशातून घडी घातलेला एक छापील कागद काढला. त्यावर पाच जातींची नावे आणि प्रत्येकीपुढे तिला कशाकशाचा वास येतो याची यादी: गूजबेरी, ब्लॅककरंट, एल्डरफ्लॉवर, व्हायोलेट, सीडरचे लाकूड. "यातलं मी काहीच खाल्लं नाही, हुंगलं नाही. पाठ करून सांगतो. लोक माना हलवतात. मला वाटतं, त्यांनीही खाल्लेलं नसतं."

गूजबेरीसमोर कुणीतरी पेन्सिलीने 'आवळा' असे लिहून ठेवले होते. आपला आवळा निराळा आणि विलायतेतली गूजबेरी निराळी. इंग्रजांनी इथे येऊन आवळ्याला आपल्या ओळखीच्या एका फळाचे नाव चिकटवले, मग आम्ही ते उलट्या बाजूने परत फिरवले, आणि आता नाशिकच्या वाइनमध्ये बिचारे पाहुणे आवळा शोधत बसतात. ब्लॅककरंटची कथा याहून मजेची आहे. कॅबर्ने सोव्हिन्याँ या नामांकित जातीची खूण म्हणून जगभरची पुस्तके या फळाचे नाव घेतात. पण अमेरिकेत १९११ साली त्याच्या लागवडीवर सरकारने बंदी घातली, कारण त्या झुडपाच्या आश्रयाने वाढणारा एक रोग पाइनच्या झाडांचा फडशा पाडत होता. ही देशव्यापी बंदी १९६६ पर्यंत टिकली. म्हणजे ज्या फळाच्या वासावरून वाइन ओळखायची, ते फळ तिकडच्या कित्येकांनी डोळ्यांनी पाहिलेही नसेल! आपली स्थिती त्यांच्यापेक्षा बरी. आपण निदान ब्लॅककरंट आइस्क्रीम खाल्लेले असते.

मी त्याला म्हटले, "अरे, वास सांगायचा रस्ता एकच. अमक्यासारखा म्हणायचं. ही विद्या आपल्या लोकांना शिकवावी लागत नाही." वासाला स्वतःची अशी नावे मराठीत थोडीच आहेत: खमंग, खवट, कुबट, उग्र, करपट, आंबूस, हिरवट. पुढचे सगळे काम उपमेवर चालते. कुणा शेतकऱ्याने एका भाताला आंबेमोहोर म्हटले. शिजताना त्याला आंब्याच्या मोहोराचा वास येतो हे एका शब्दात सांगून टाकले. आंबेहळदीत आंबा नसतो, कैरीचा वास असतो. जगातल्या कुठल्याही वाइनपंडिताने हेवा करावा असे हे काम आहे, आणि ते करणाऱ्याने कुठला कागद पाठ केला नव्हता. (द्राक्षांच्या बाबतीत मात्र आमचे बागायतदार वासाकडे न वळता अक्षरांकडे वळले. 'सोनाका' या नावात सोलापूरचा सो, नान्नजचा ना आणि काळ्यांचा का आहे. मराठीच्या मास्तराला यापेक्षा गोड द्राक्ष कुठले!)

वाइनच्या प्रांतात हीच गोष्ट शास्त्राला धरून मांडली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्राध्यापिका अ‍ॅन नोबल यांनी. १९८४ साली त्यांनी वासांचा एक वर्तुळाकार तक्ता प्रसिद्ध केला. 'डौलदार', 'खानदानी' असल्या विशेषणांना त्यात थारा नव्हता, नाकाला सापडेल अशी खरी वस्तूच हवी. नाकाने कांदे सोलणाऱ्या पुष्कळांची त्यामुळे पंचाईत झाली असणार. विद्यार्थ्यांना शिकवताना साध्या वाइनच्या पेल्यात मिरीचे दाणे टाकायचे, दुसऱ्यात ढोबळी मिरचीचा तुकडा, आणि म्हणायचे: हुंगा. मला वाटले, हे तर आमच्या स्वयंपाकघरात होण्याजोगे आहे.

त्याची सुटी मंगळवारी. दर मंगळवारी संध्याकाळी तो आमच्याकडे येऊ लागला. ओट्यावर बारा वाट्या मांडायच्या: मिरी, लवंग, दालचिनी, लिंबाची साल, पेरूची फोड, ढोबळी मिरची, जांभूळ, मध, उपटलेले गवत, ओली माती, चहाचा चोथा, सुपारी. डोळ्यांवर पंचा बांधून एकेक नाकाशी धरायची. ऐकायला सोपे वाटते. पण वास ओळखीचा असून नाव तोंडात येत नाही, असे दर दोन वाट्यांमागे एकदा होते. चेहरा आठवतो आणि आडनाव आठवत नाही, तसे. सरावाने सुधारते ते नाक थोडेच. सुधारतो तो नाकापासून नावापर्यंतचा रस्ता.

आणि चव म्हणून आपण जिला म्हणतो ती बव्हंशी नाकाचीच कमाई असते. दिवाळीत श्रीखंड केलेत तर एक प्रयोग करून पाहा. नाक घट्ट चिमटीत धरून चमचाभर श्रीखंड तोंडात घ्या. गोड आणि आंबट, बस्स. आता चिमूट सोडा. वेलदोडा एकदम उगवतो. तो घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढतो. वाइन चाखणारे घोट तोंडात घोळवून वर थोडी हवा ओढतात आणि चमत्कारिक आवाज काढतात, तो याचसाठी.

ऑगस्टपासून तो साहेबांच्या परवानगीने उरलेल्या बाटल्यांतले थोडे थोडे लहान शिश्यांत भरून आणू लागला. आईला हे कसे सांगावे हा प्रश्न होता. पण धंद्यातले लोक घोट गिळत नाहीत, तोंडात खळखळवून थुंकून टाकतात, असे त्याने सांगितले आणि आईचा चेहरा उजळला. "म्हणजे चूळच की!" ती म्हणाली. "मग करा की बसल्या बसल्या. मोरीत मात्र टाका, बेसिनला डाग पडेल."

पाचही जाती परमुलुखातल्या. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्याँ या फ्रान्सच्या. झिनफँडेल अमेरिकेत नावारूपाला आली, आणि २००१ साली तिचे माहेर क्रोएशियात निघाले. तिकडे वेल हिवाळाभर झोपतो. आमच्याकडे त्याला झोप नाही, म्हणून एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करून त्याला वळण लावावे लागते, आणि युरोपात जी तोडणी भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास होते ती इथे जानेवारी ते मार्च चालते.

तुरटपणाच्या बाबतीत आमच्या विद्यार्थ्याला काही शिकवावे लागले नाही. कॅबर्नेचे मणी लहान, साल जाड. त्या सालीतले आणि बियांतले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरते आणि जीभ खरखरीत होते. तुरट हा शब्द आपल्याकडे लहान मुलालाही येतो; जांभूळ खाऊन जीभ बाहेर काढून दाखवताना तो आपोआप शिकला जातो. आयुर्वेदाने तर कषाय म्हणून त्याला सहा रसांत बसवले. आजचे शास्त्र म्हणते, ही चव नव्हेच, हा स्पर्श आहे. असो, शब्द आमच्यापाशी आहे.

पण या शिकवणीतला मोठा दिवस आणला तो सौ.ने. आमच्या घरातले खरे नाक तिचे. दूध नासणार हे तिला आदल्या रात्री कळते. ती आपली कणीक मळता मळता म्हणाली, "द्या बघू," आणि कॅबर्नेचा पेला दुरूनच हुंगून म्हणाली, "अहो, ही ढोबळी मिरची आहे. आत्ता चिरलेली. बिया काढताना येतो ना, तो वास." मग सोव्हिन्याँ ब्लाँचा पेला. ही पांढरी. "हिलाही तोच. थोडा पेरू आहे, पण मिरची तीच. या दोघींत काही नातं आहे का?"

नाते आहे! आणि ते सापडायला १९९७ साल उजाडावे लागले. डेव्हिसलाच कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स यांनी डी. एन. ए. तपासून दाखवले की कॅबर्ने सोव्हिन्याँ ही कॅबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ यांची संतती. एक लाल, एक पांढरी. नावातच दोघांची नावे होती, तरी तोवर कुणी खात्रीने सांगू शकत नव्हते. आणि सौ.ची मिरची तर अक्षरशः खरी. ढोबळ्या मिरचीला ज्या द्रव्याने वास येतो तेच, पायराझीन कुळातले, या द्राक्षांत असते. एका लिटर वाइनमध्ये एका ग्रॅमचे दहा-पंधरा अब्जांश असले तरी नाकाला कळते. घड पिकत जातो, त्याला ऊन लागते, तसे ते कमी होते, कच्चेपणी जास्त. हे मी तिला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "एवढं अब्ज वगैरे कशाला लागतं? मिरची ती मिरची."

याच घराण्यातली एक मुलगी हरवली होती, तिचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. कार्मेनेर नावाची ही जात फ्रान्समधल्या बोर्दोची. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने तिकडच्या बागा उद्ध्वस्त केल्या. पुन्हा लागवड झाली तेव्हा कार्मेनेर जवळजवळ मागेच राहिली. पण त्याआधी तिची रोपे चिलीत जाऊन पोचली होती आणि तिथे मेर्लो या दुसऱ्याच जातीच्या नावाने सुखाने नांदत होती. लोक तिच्या वाइनीला थोडी तिखट, हिरवट मेर्लो समजून पीत होते. १९९४ साली फ्रान्सचे वेलपारखी जाँ-मिशेल बुर्सिको चिलीतल्या एका बागेत गेले आणि वेल पाहून म्हणाले, ही मेर्लो नव्हे. सगळ्या जगाच्या जिभा जिला इतकी वर्षे ओळखू शकल्या नाहीत, तिला एका माणसाने बागेत उभ्या उभ्या नावाने हाक मारली.

शिराझवर मात्र घोडे अडले. पुस्तके म्हणत, हिला काळ्या मिरीचा वास येतो. सौ.ला येई, मला येई. त्याला येईना. वाटीतली मिरी ओळखी, पेल्यातली नाही. चार मंगळवार गेले. परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि मुलगा गप्प गप्प राहू लागला. तेव्हा मी थोडी शोधाशोध केली. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २००८ साली शिराझमधले हे मिरीचे द्रव्य हुडकले. त्याचे नाव रोटंडोन. थंड हवेतल्या शिराझमध्ये ते जास्त, उन्हाळी प्रदेशात कमी. आणि मौज अशी की सुमारे पाचातल्या एका माणसाला त्याचा वास येतच नाही, कितीही दिले तरी. मिरीत दुसरीही सुवासिक द्रव्ये असतात म्हणून मिरी कळते. "तुझ्या नाकात खोट नाही रे," मी म्हटले, "ते दारच नाही तिथे. दुसरीकडून आत जा." मग त्याने शिराझसाठी स्वतःची खूण बसवली: गडद जांभळ्याचा वास, कॅबर्नेपेक्षा कमी तुरट, आणि ढोबळी मिरची अजिबात नाही.

शेवटचे दोन मंगळवार आम्ही स्टीलच्या पेल्यांत काढले, रंग दिसू नये म्हणून. कारण बोर्दोत २००१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग माझ्या वाचनात आला होता. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना फ्रेदेरिक ब्रोशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग घालून दिली, आणि त्या विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. डोळा किती आगाऊ असतो पाहा. लंडनमध्ये १९५३ पासून 'मास्टर ऑफ वाइन' ही परीक्षा होते. तीत उमेदवारापुढे ३६ बिननावाच्या वाइन येतात, एका बैठकीला बारा. आमच्या पाचच होत्या, पण त्या मुलाला पाचही जड होत्या.

परीक्षेच्या संध्याकाळी त्याचा फोन आला. चार ओळखल्या होत्या. झिनफँडेलला मात्र तो शिराझ म्हणाला. पण बोलण्यात मार्क होते, आणि बोलताना त्याने कागद सोडला होता. सोव्हिन्याँ ब्लाँला पेरू आणि हिरवी ढोबळी मिरची, शेनिनला पिकायला आलेले अननस आणि मध. शिराझपाशी आल्यावर म्हणाला, "हिला मिरीचा वास असतो. मला येत नाही. पाचातल्या एकाला येत नाही असं शास्त्र सांगतं. तुम्हाला येतो का बघा." समोरच्या दोन साहेबांपैकी एकाने पेला उचलून पुन्हा पुन्हा हुंगला आणि दुसऱ्याला विचारले, "तुला येतो?" पक्क्या नोकरीचे पत्र आठवड्याने मिळाले.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तो वडिलांना घेऊन आला. डोक्यावर टोपी, गळ्यात तुळशीची माळ, हातात ओल्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. चहा झाला. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग आईनेच विषय काढला. "अहो, तुमच्या द्राक्षांचं काय होतं ते एकदा बघा तरी. हुंगायला माळ आड येत नाही."

ते थोडे घुटमळले. मुलाने कॅबर्नेची शिशी पेल्यात ओतली. गेल्या वर्षीच्या हंगामातली. यांच्या एकराचा माल आणि गावातल्या आणखी सात-आठ जणांचा एकाच टाकीत गेला होता. बारा वर्षे ते ही द्राक्षे पिकवत आहेत, पण तिच्यापासून झालेली वाइन त्यांच्या नाकाजवळ कधी आली नव्हती. त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला, तीर्थाची वाटी धरावी तसा, आणि डोळे मिटून वास घेतला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"घाई केली यांनी," ते म्हणाले. "आठ दिवस राहू द्यायला पाहिजे होता माल."

"नाना, यंत्रात साखर भरली होती," मुलगा म्हणाला.

"साखर भरली होती. बी हिरवं होतं. मी त्या साहेबाला म्हटलं, मणी चावून बघा. त्यांनी गाडी आणलेली होती सोबत." त्यांनी पुन्हा वास घेतला. "हे हिरवंच येतं आहे की. बी करडं झाल्याशिवाय हे जात नाही."

सौ. माझ्याकडे पाहत होती. मी काही बोललो नाही. मुलाने दुसरा पेला पुढे केला, शिराझचा. तो शेजारच्या गावचा माल. हा त्यांनी न घुटमळता घेतला, एकदाच हुंगला, आणि मुलाकडे वळून विचारले, "यात मिरी घालता का रे?"

"नाही नाना. तुम्हाला येतो?"

"येतो म्हणजे? नाकात बसला."

मुलगा खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला. "कसा येतो?" तो म्हणाला. "नीट सांगा. अख्ख्या मिरीचा, का कुटलेल्या?"